आमटीची वाटी

साठी झालेल्या बाईला भेट काय द्यावी, हा घरच्यांपुढचा अवघड प्रश्न असतो. साडी दिली तर ‘आता कुठे नेसायची ही’, पुस्तक दिलं तर ‘अक्षर किती बारीक’, आणि काहीच दिलं नाही तर ती तोंडाने अवाक्षर काढत नाही. पण पुढची दहा वर्षं विसरतही नाही. बंगळूरला असलेल्या आमच्या मुलीने यातून वाट काढली. तिने फोनवर एक चित्र पाठवलं. एक हसरी मुलगी कोपरापर्यंत चिखलाने माखलेले हात पुढे करून उभी, आणि खाली लिहिलेलं: तीन रविवार, माती, रंग, भट्टी सगळं धरून १,८०० रुपये.

“आई, तू स्वतःच्या हाताने सिरॅमिकची वाटी करणार आहेस. चाकबिक काही नाही. नुसत्या चिमटीने. पिंच पॉट म्हणतात त्याला.”

“अठराशेला एक वाटी?” माझ्या पाठीमागून आवाज आला. आमच्या सासूबाई शहाऐंशीच्या आहेत. समोर लावलेला टीव्ही त्यांना ऐकू येत नाही; पैशांचा आकडा मात्र पलीकडच्या खोलीतून ऐकू येतो. “अठराशेत डझनभर येतील स्टीलच्या. वर नाव घालून.”

हे ‘नाव घालून’ बाजूला लिहून ठेवा. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी. पक्ष मांडताना सांगितलेली गोष्ट सिद्धतेत कुठेतरी लागते.

मला मनातून हसूच आलं होतं. गोळ्याच्या मध्यात अंगठा घालायचा, गोळा फिरवत राहायचं आणि कडा चिमटीत दाबत दाबत वर न्यायच्या, ही काय शिकायची गोष्ट आहे? याला आमच्याकडे मोदकाची पारी म्हणतात. लग्न झाल्यापासून तेहेतीस गणपती झाले, दर वर्षी कमीत कमी ५१ मोदक, म्हणजे १,६८३ पाऱ्या माझ्या बोटांखालून गेल्या आहेत. त्यातल्या सुरुवातीच्या दोनेकशे सासूबाईंच्या नजरेखालून. त्यांचं माहेर चिपळूणचं. मोदकाच्या बाबतीत त्या भागातल्या बायका बोलत नाहीत, नुसत्या बघतात. त्यांनी मोदक उचलून उजेडाकडे धरला, की आपण वर्षभरासाठी नापास. असल्या परीक्षेतून पार पडलेल्या बाईला मातीची वाटी म्हणजे काय?

मी पूर्ण आत्मविश्वासाने रिक्षात बसले.

वर्ग एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये होता. आम्ही आठजण. आयटीतली दोन मुलं, जी आपसातसुद्धा ‘डेडलाइन’ याच विषयावर बोलत होती, लग्न ठरलेलं एक जोडपं, आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली आई, जिला स्वतःलाच यायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं, मी, आणि एक निवृत्त सर्जन. सर्जन अ‍ॅप्रन घालताना दोन्ही हात पुढे करून उभे राहिले आणि मागून कोणी बांधायला येत नाही असं पाहून जरा हिरमुसले. शिकवणारी मुलगी माझ्या शेवटच्या बॅचच्या विद्यार्थिनींपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी. केसांचा अंबाडा, आणि अंबाड्यात काट्याऐवजी रंगाचा ब्रश खोवलेला. बाकीच्यांना ती ‘गाइज’ म्हणत होती आणि मला ‘काकू’.

पहिलं काम माती मळायचं. इथेच माझी पहिली चूक निघाली. कणीक मळताना आपण ती दुमडतो, उलटवतो, पुन्हा दुमडतो. थोडी हवा आत गेली तर कोणाचं बिघडत नाही. मातीला मात्र तळहाताच्या टाचेने पुढे रेटत, मागे ओढत, हवा बाहेर काढायची असते. बरोबर जमलं तर गोळा मेंढ्याच्या डोक्यासारखा दिसतो, दोन्ही बाजूंना वळलेली शिंगं. माझा दिसत होता घडी घातलेल्या पुरणपोळीसारखा.

“हवा राहिली तर भट्टीत फुटते ना?” आयटीतल्या एकाने विचारलं. त्याने आदल्या रात्री व्हिडिओ पाहिले होते.

“सगळे हवेलाच दोष देतात,” ती म्हणाली. “फुटते ती ओलाव्याने. भिंतीत पाणी राहिलं, की शंभर अंशांला त्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की ती भिंत फोडून वाट काढते.” मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर एकच दार उघडं असलेल्या वर्गाचं मी पाहिलेलं दृश्य थेट हेच.

मग प्रत्येकाला मोसंब्याएवढा एकेक गोळा मिळाला. डाव्या तळव्यात गोळा, उजव्या हाताचा अंगठा मध्यात. तळाशी बोटाच्या पेराच्या जाडीएवढी माती ठेवून थांबायचं. मग अंगठा आत, बाकीची बोटं बाहेर, दाब, थोडं फिरव, दाब, थोडं फिरव. तळाकडून वर यायचं. काठ मात्र शेवटपर्यंत जाड ठेवायचा, नाहीतर तो फाकतो आणि त्याला भेगा पडतात.

बाकीचे अंगठा कुठे घालायचा याचा विचार करत होते, तोवर माझी वाटी तयार होती. अक्षरशः तीन मिनिटांत. भिंत इतकी सुबक, इतकी पातळ, की सासूबाईंनी उजेडाकडे धरली असती तर पलीकडचा माणूस दिसला असता. मी ती अलगद टेबलावर ठेवली आणि सर्जनकडे पाहिलं. सर्जन माझ्या वाटीकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर, पेशंटच्या नातेवाइकांना काही सांगायचं असताना येत असावा, तसा भाव होता. मी वळून पाहिलं तर वाटी खाली बसत होती. आधी एक बाजू झुकली, मग दुसरीने तिला साथ दिली, आणि अर्ध्या मिनिटात वाटीची बशी झाली.

“काकू, पाच-सहा मिलिमीटर तरी जाडी हवी,” ब्रशवाली म्हणाली. “तुम्ही तर दोनवर आणलीत. पण हात काय मस्त आहे तुमचा!”

तेहेतीस वर्षांत माझ्या पारीला कोणी ‘पातळ झाली’ म्हणून नावं ठेवलेली नव्हती.

नंतर तिनेच समजावून सांगितलं, आणि ते मला पटलं. तांदळाच्या पिठाची उकड काढतो तेव्हा पीठ निम्मं-अधिक शिजतं, त्यातला स्टार्च चिकट होतो आणि पारीला धरून ठेवतो. मातीत असलं काही नाही. तिचे कण असतात पत्त्यांसारखे चपटे, आणि दोन पत्त्यांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर. त्या पाण्यावरून ते एकमेकांवर घसरतात म्हणून माती वळते. पाणी कमी झालं की पत्ते अडतात आणि भेग पडते; जास्त झालं की सगळा कॅट टेबलावर पसरतो. वर हाताची ऊब माती सुकवत असते, म्हणजे घोळत बसलात तर भेगा, आणि भेगा बुजवायला पाणी लावत बसलात तर चिखल. मोदक वळताना तेल-पाण्याचा हात घ्यायची माझी इतकी सवय, की दर दहा सेकंदांनी बोटं आपोआप पाण्याच्या वाडग्याकडे जात होती. शेवटी तिने तो वाडगा उचलून सर्जनच्या पलीकडे नेऊन ठेवला. वर्गात मी मुलांचे कॅल्क्युलेटर असेच काढून ठेवत असे.

दुसरा गोळा. आता मी सावकाशीने घेतलं. जाडी राखली, काठ जाड ठेवला, पाण्याला हात लावला नाही. मग जरा गप्पा सुरू झाल्या. लग्न ठरलेल्या जोडप्यातल्या मुलीने विचारलं, “काकू, उकडीला पीठ किती आणि पाणी किती?” बासमती नको, नवा आंबेमोहर घ्यावा, असं मी सांगत होते. बोलता बोलता तिची नजर माझ्या हातांकडे गेली आणि ती हसायला लागली. मी खाली पाहिलं. माझ्या बोटांनी वाटीच्या काठाला कळ्या पाडायला घेतल्या होत्या. अकरा पाडून झाल्या होत्या, छान समान अंतरावर, आणि हात त्या मिटत मिटत वर नाकाकडे निघाले होते. सारण घालायचं तेवढं राहिलं होतं.

मी त्या पुसून टाकायला लागले तशी ब्रशवाली धावत आली. “नाही नाही नाही! काकू, ठेवा! किती ऑरगॅनिक आहे हे!”

ऑरगॅनिक हा शब्द मी आतापर्यंत गुळाच्या बाबतीतच ऐकला होता.

तर वाटी तशीच राहिली, अर्धवट मिटलेल्या अकरा कळ्यांची. बाहेरून बोटांचे ठसे दिसत होते, ते मी ओल्या स्पंजने गुळगुळीत करायला घेतले, तर तिने तेही थांबवलं. “ठसे राहू द्या. तीच तर मजा आहे. हाताने केलंय हे कळलं पाहिजे ना!”

आता हे माझ्या पचनी पडणं शक्य नव्हतं. माझं सगळं आयुष्य हात दिसू न देण्यात गेलं आहे. पोळी कंपासने काढल्यासारखी, मोदकावर बोटाचा ठसा नाही, चकलीचे वेढे सारखे, फळ्यावरचं वर्तुळ असं की मुलांनी ‘बाई, दोरी लावली का’ म्हणून विचारावं. आणि इथे हात दिसावा म्हणून लोक पैसे मोजत होते.

तिने मोबाइलवर चित्रं दाखवली. सोळाव्या शतकात जपानमध्ये क्योटोला सेन नो रिक्यू नावाचे चहाचे मोठे गुरू होऊन गेले. त्यांच्यासाठी चोजिरो नावाचा कारागीर चाकाला हात न लावता, नुसत्या हातांनी वाडगे घडवायचा; काळे आणि लाल. वेडेवाकडे म्हणावेत असे. त्यातून राकू नावाचं घराणंच सुरू झालं आणि आज सोळावी पिढी तेच करते आहे. त्या वाडग्यांना माणसांसारखी नावं असतात, ते रेशमात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवतात, आणि पाहुणा तो दोन्ही हातांत धरून, फिरवून, निरखून मगच चहा पितो. मी ते चित्र मोठं करून पाहिलं. चांगलं होतं, नाही म्हणत नाही. पण असल्या भांड्यातून आमच्याकडे पाहुण्याला चहा दिला, तर तो फिरवून निरखून पाहील हे खरं. नंतर जिना उतरताना बायकोशी काय बोलेल, तेही मला माहीत आहे.

घरी येताना रिक्षात एक गोष्ट आठवली आणि ती तेव्हापासून डोक्यातून जात नाही. दर दिवाळीला मी कसबा पेठेत कुंभारवाड्यात पणत्या आणायला जाते. टोपलीतल्या पणत्या एकेक करून निवडते. एखादीवर अंगठा उमटलेला असला, काठ किंचित मुडपलेला असला, की ती बाजूला. “ही बदलून द्या हो, ही वाकडी आहे.” ती कुंभारीण काही न बोलता बदलून देते. वर डझनामागे पाच रुपये कमी करून घेतल्याशिवाय मी तिथून हलत नाही. तिथून दोन बोळ ओलांडले की तांबट आळी. तिथे तांब्याच्या घागरीवर हातोडीने मठार काढतात, सगळीकडे सारखे ठोके, आणि एक ठोका चुकला तर तो लपवायला जागा नसते. या दोन्ही आळ्यांतल्या लोकांना सांगून पाहायला हवं, की बाणेरकडे एका गॅरेजमध्ये वाकडं करायचे १,८०० मिळतात.

दुसऱ्या रविवारी वाट्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या तयार होत्या. माती आता चामड्यासारखी झालेली, वाकत नाही पण नख उमटतं. या अवस्थेला ‘लेदर हार्ड’ म्हणतात. आज नक्षी. वाटीवर गडद निळसर मातीचा पातळ राप द्यायचा आणि तो जरा ओढला की टोकदार काडीने खरवडून खालची पांढरी माती दिसू द्यायची. इटालियन भाषेत याला स्ग्राफितो म्हणतात. मराठीत याला बाकावर नाव कोरणे म्हणतात आणि त्यासाठी मी अनेकांना वर्गाबाहेर उभं केलं आहे.

मी कमळांची वेल ठरवली. कळ्या अकरा, म्हणून प्रत्येक कळीखाली एक कमळ. ब्रशवाली म्हणाली, नजरेने करा, मोजू नका. ‘मोजू नका’ हे गणिताच्या शिक्षिकेला सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नकोस म्हणण्यासारखं. मी हिशेब केला. ३६० ला ११ ने भाग जात नाही. ३२.७२७२ असं अनंतापर्यंत चालू राहतं. पूर्णांकात न बसणारी वाटी मीच केली होती, आणि त्यावर तिच्या कळ्याही माझ्या बोटांनी मोदकाच्या हिशेबाने पाडलेल्या, त्यांचे कोन आणखी निराळे. नऊ कमळं झकास आली. दहाव्याला जागा कमी पडायला लागली. अकराव्याच्या वेळी लक्षात आलं की उरलेल्या जागेत कमळ बसणार नाही, फार तर कमळाचं पान, तेही आडवं. मी आडवं पान काढलं. ते दुधी भोपळ्यासारखं दिसायला लागलं, म्हणून त्याला देठ काढला, तर तो नक्कीच दुधी भोपळा झाला. सर्जननी आपल्या वाटीवर बारीक समांतर रेघा काढल्या होत्या, एका आडव्या रेघेवर उभ्या छोट्या छोट्या. नक्षी म्हणून चांगली होती. पण लांबून कुणाच्याही पोटावरचे टाके वाटत. ती पाहून आठ वर्षांच्या मुलाने शर्ट वर करून आपल्या अपेंडिक्सची खूण दाखवली आणि सर्जन खूश झाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना ओळखीचं काहीतरी भेटलं होतं.

मग ती म्हणाली, “आता उलटी करा आणि तळाला सही करा.”

इथे मात्र माझा हात थांबला नाही. वाटीच्या तळाला नाव घालायचं कसं, हे मराठी माणसाला जपानी घराण्यांनी शिकवायची गरज नाही. आमच्या स्वयंपाकघरात बिनानावाचं भांडं सापडणार नाही. तांब्यावर आजेसासऱ्यांचं नाव आणि साल. परातीवर मुंजीची तारीख. एका फुलपात्रावर तर ‘चि. सौ. कां. हिच्या विवाहप्रीत्यर्थ मामांकडून’ इतकं लिहिलं आहे, की फुलपात्र संपलं पण मजकूर संपला नाही, म्हणून ‘कडून’ बुडाखाली गेलं. भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक माणूस यंत्र घेऊन बसलेला असायचा. तो किर्रर्र करत नाव घालायचा आणि प्रत्येक नाव त्याच्याच अक्षरात यायचं, त्यामुळे सगळी पेठ एका हस्ताक्षराची. मिरवणं हे त्यामागचं एक कारण, पण खरं कारण पंगतीचं होतं. लग्नकार्याला शेजारपाजारची भांडी गोळा व्हायची, अहेराची वेगळी, आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर त्यांचा डोंगर पडायचा. नाव असलेलं भांडं आपल्या घरी परत यायचं. बिनानावाचं गेलं की गेलं.

तर मी काडी घेतली आणि सवयीने लिहिलं: माझं नाव, यांचं नाव, आडनाव, तारीख. तळ रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडाच मोठा, त्यामुळे अक्षरं गोल फिरत मध्यावर गेली आणि साल जेमतेम बसलं. “काकू, नुसती इनिशियल्स चालतात,” ती म्हणाली. मी म्हटलं, “इनिशियल्सवर भांडं परत येत नाही, बाळा.”

तिसऱ्या रविवारी फार काही नव्हतं. वाट्या एकदा भाजून आल्या होत्या, हजार अंशांच्या आसपास. आता त्यांना पाण्यात ठेवलं तरी त्यांचा पुन्हा चिखल होणार नव्हता. मातीच्या कणांत मुरलेलं पाणीसुद्धा त्या आगीत उडून गेलेलं. ब्रशवालीने प्रत्येक वाटी चिमटीत धरून नखाने टिचकी मारली. सर्जनची टण् वाजली. आयटीवाल्यांची टण् वाजली. आठ वर्षांच्या मुलाची तर देवघरातल्या घंटेसारखी. माझी ठक् करून गप्प बसली. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात होती: मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने एकेका संताच्या डोक्यावर थापटून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. लहानपणी मला नामदेवांचा राग यायचा, एवढं काय मनावर घ्यायचं! आता त्यांची बाजू कळली. सगळ्यांदेखत ठक् वाजणं फार वाईट.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कळीच्या मध्ये केसाएवढी चीर होती. “हे तिचं कॅरॅक्टर,” ती म्हणाली. पोरीला कशाचंही वाईट म्हणता येत नव्हतं. मी हिच्यासारखी असते तर माझा दहावीचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागला असता.

मग वाटी ग्लेझमध्ये बुडवायची होती. ग्लेझ म्हणजे शेवटी काच. गारगोटीची पूड, तिला वितळवणारे क्षार आणि वितळून वाहून जाऊ नये म्हणून थोडी माती, सगळं पाण्यात कालवलेलं ताकाएवढं पातळ. बादलीवर ‘निळा’ लिहिलेलं आणि आत फिकट गुलाबी-जांभळट काहीतरी. कोबाल्टची ही रीतच आहे, भट्टीत गेल्याशिवाय खरा रंग दाखवत नाही. तीन सेकंद बुडवा, असं सांगितलं होतं. मी विचारलं, शून्यापासून मोजायचं की एकपासून. कोणी उत्तर दिलं नाही. तळाला ग्लेझ लागू द्यायचं नसतं, नाहीतर वाटी भट्टीच्या फळीला जन्माची चिकटते. म्हणून तळ पुसायचा. सगळ्यांनी पुसला. मी नाव जाऊ नये म्हणून दात घासायच्या ब्रशने अक्षर अन् अक्षर साफ केलं.

भट्टीतलं मला एक फार आवडलं. कुकरला शिट्टी असते, तशी भट्टीला नसते. आता यंत्रावर आकडे दिसतात. पण ती म्हणाली, आकडा हवेची उष्णता सांगतो, माती किती शिजली ते सांगत नाही. म्हणून आत भांड्यांच्या शेजारी ग्लेझसारख्याच मिश्रणाचा एक छोटा निमुळता शंकू उभा करतात. हवी तेवढी आच लागली की तो मऊ पडून वाकतो, नमस्कार केल्यासारखा. हेरमान झेगर नावाच्या जर्मन माणसाने १८८६ मध्ये हे शंकू तयार केले. मला वाटलं, असा एक शंकू दहावीच्या प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर ठेवायला हवा होता.

वाटी यायला दहा दिवस लागले. भट्टी बाराशे अंशांच्या वर न्यायची आणि मग आपोआप गार होऊ द्यायची. मध्येच उघडून डोकावायचं नाही. हे सासूबाईंना मात्र लगेच पटलं. मोदकपात्राचं झाकण मध्ये उचलणाऱ्या सुनेबद्दल त्यांची ठाम मतं आहेत.

वाटी घरी आली ती चौपट कागदात गुंडाळून. कागद सोडवत गेले आणि शेवटी हातात काय आलं, ते आधी मलाच कळेना. निळी छान होती. कळ्या होत्या. चिरेत काच साचून तिथे निळा आणखी गडद झाला होता. कमळं होती आणि दुधी भोपळाही होता. पण वाटी एवढीशी?

मी पट्टी घेतली. ओली असताना तोंडाशी साडेआठ सेंटिमीटर होती, वहीत लिहून ठेवलं होतं. आता साडेसात. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण बारा टक्के आटते, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि बारा टक्के म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. मला! अगं बाई, ते लांबीत बारा टक्के. घनफळ घनाने उतरतं. ०.८८ चा घन ०.६८. म्हणजे वाटीच्या पोटातलं जवळजवळ एक तृतीयांश गेलं. दर वर्षी नववीच्या मुलांना मी याच प्रश्नाला गुण कापत आले होते. त्यातून भिंती जाड ठेवलेल्या आणि कळ्यांनी तोंड मिटलेलं.

मराठी घरात वाटीचा दर्जा तिच्यात काय मावतं त्यावर ठरतो. मी करायला घेतली होती आमटीची वाटी. वाळली तेव्हा ती कोशिंबिरीची झाली. पहिल्या भाजणीनंतर चटणीची. आता हातात होती ती फार तर तुपाची, तीही पथ्य असलेल्या माणसाच्या.

“उत्तर जोर्वे,” आमचे हे म्हणाले. ह्यांना निवृत्तीनंतर इतिहासाचा नाद लागलाय. शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे संस्कृतीची भांडी मिळाली, लाल रंगावर काळी नक्षी, भाजणी अशी की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. नंतर त्या लोकांचे दिवस पालटले आणि भांडी जाडीभरडी व्हायला लागली. त्या काळाला उत्तर जोर्वे म्हणतात. एवढं सगळं ह्यांनी वाटी हातात धरून सांगितलं आणि टिचकी मारून पाहिली. ठक्.

महिनाभर ती शोकेसमध्ये होती. मग गाडीच्या किल्लीसाठी खाली आली. किल्ली बसली, किल्लीची साखळी बसेना. मग दुधाच्या पिशव्यांचे रबर तिच्यात पडायला लागले, तेव्हा मात्र माझं मन दुखलं. त्याच सुमारास समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींच्या मुलीचं लग्न झालं. लग्नानंतर घरी पूजा होती. मी वाटी स्वच्छ घासली, चांगल्या कागदात बांधली, वर रेशमी दोरी. हाताने केलेली वस्तू, शहरात दुसरी मिळणार नाही, आणि रिक्यूंचा पाहुणासुद्धा ती फिरवून पाहील. वहिनींनी कागद सोडून वाटी पाहिली. “अय्या, किती गोड!” म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी सकाळी बेल वाजली. दारात वहिनी. हातात माझी वाटी, वर छोटा रुमाल.

“अहो, ही तुमची वाटी आमच्याकडेच राहिली होती. पूजेच्या गडबडीत कुणी प्रसाद आणला असेल त्यातून. आज घासताना खाली नाव दिसलं, म्हटलं लगेच देऊन टाकावी.” आणि रुमाल उचलून, “रिकामी कशी द्यायची, म्हणून साखर घातलीय हं.”

मी वाटी घेतली. दुसरं काय करणार?

सासूबाईंनी साखर डब्यात ओतली. “चौघांच्या चहाची झाली,” म्हणाल्या. मग वाटी उपडी करून तळ उजेडाकडे धरला, चष्मा वर सरकवला आणि अक्षरं फिरवत फिरवत शेवटच्या आकड्यापर्यंत वाचली.

“नाव मात्र सुरेख घातलंयस हो,” त्या म्हणाल्या.